चेहऱ्याचे आचके आणि अंथरुणातून उठण्याचा इतिहास

डोळा लवला की घरातले वडीलधारे माणूस लगेच विचारते, 'डावा की उजवा?' बाईचा डावा लवला तर काही शुभ घडावयाचे, पुरुषाचा उजवा लवला तर कार्यसिद्धी व्हावयाची, आणि याच्या उलट झाले तर काही तरी विपरीत ओढवावयाचे, अशी आपल्याकडची समजूत. ती आजकालची नव्हे. वाल्मीकींच्या सुंदरकांडात अशोकवनात बसलेल्या सीतेचा डावा डोळा स्फुरतो आणि पुढच्या सुवार्तेची चाहूल लागते. कालिदासाच्या शाकुंतलात राजदरबारात येताना शकुंतलेचा उजवा डोळा लवतो आणि तिच्या मनात पाल चुकचुकते. कवींनी ही समजूत कथेसाठी वापरली, त्यात वावगे काही नाही. परंतु जो डोळा एकदा लवून थांबत नाही, महिनोन् महिने लवत राहतो, आणि ज्याच्या पाठोपाठ त्याच बाजूचा गाल, ओठाचा कोपरा आणि हनुवटीही ओढली जाऊ लागते, त्या डोळ्याला शकुन विचारून भागत नाही. तो रोग आहे. त्याला कारण आहे, आणि अलीकडच्या साठ वर्षांत त्याला उपायही सापडला आहे.

त्या रोगाचा, त्यावरील शस्त्रक्रियेचा आणि शस्त्रक्रियेनंतर माणसाने पुन्हा अंगमेहनतीला केव्हा व कसे लागावे या प्रश्नाचा इतिहास आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत. विषय वैद्यकाचा असला तरी तो केवळ वैद्यांनी ऐकावयाचा नाही. आपला गोरेगाव तालुका धानाचा. येथे व्यायाम म्हणजे आखाड्यातले जोर-बैठका एवढाच अर्थ नाही. आषाढ-श्रावणात गुडघाभर चिखलात वाकून परे रोवणे, कापणीला दिवसदिवस ओणवे राहणे, चुरणे झाल्यावर धानाचे पोते पाठीवर घेणे, उन्हाळ्यात तेंदूपत्त्यासाठी पहाटे जंगलात जाणे, हाच येथील बहुतेकांचा व्यायाम आणि हीच त्यांची रोजी. तेव्हा 'शस्त्रक्रियेनंतर पुन्हा केव्हा वाकू? केव्हा उचलू?' हा प्रश्न येथे पोटाचा प्रश्न होतो.

प्रथम रोगाची ओळख करून घेऊ. थकव्याने, जाग्रणाने किंवा चहा-कॉफीच्या अतिरेकाने पापणी चार दिवस फडफडते आणि आपोआप थांबते. तिची भीती बाळगण्याचे कारण नाही. आम्ही म्हणतो तो रोग निराळा. तो बहुधा चाळिशी-पन्नाशीच्या सुमारास, पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होतो. आरंभ खालच्या पापणीपासून होतो आणि हळूहळू चेहऱ्याची तीच अर्धी बाजू त्याच्या ताब्यात जाते. आचके झोपेतही पुरते थांबत नाहीत. आयुर्वेदात ज्याला अर्दित म्हणतात तो चेहऱ्याचा लुळेपणा आणि हा रोग एक नव्हेत. तेथे स्नायू काम करीत नाही, येथे तो नको तेव्हा काम करतो. या रोगाने माणूस मरत नाही. मात्र बोलता बोलता एक डोळा मिटतो, समोरच्याला वाटते की हा डोळा मारतो आहे किंवा तोंड वेंगाडतो आहे. मग माणूस लग्नकार्याला जाणे टाळतो, शिक्षक फळ्याकडे तोंड करून शिकवू लागतो, बाई पदराने अर्धा चेहरा झाकू लागते. जिवाला धोका नसलेला रोग जगणे किती आखडून टाकू शकतो याचे हे उदाहरण आहे.

आता इतिहासाकडे वळू. १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. त्याच वर्षी जर्मनीत फ्रीड्रिख शुल्ट्झ नावाच्या डॉक्टराने एका मृत रोग्याचे शवविच्छेदन प्रसिद्ध केले. त्या गृहस्थाला हयातीत चेहऱ्याच्या डाव्या बाजूला आचके येत असत. कवटी उघडून पाहिले तेव्हा मेंदूच्या तळाशी असलेल्या एका रोहिणीला फुगवटा आला असून तो चेहऱ्याच्या मज्जातंतूवर दाबून बसला आहे, असे आढळले. रोगाचे मूळ गालात नसून कानामागे, कवटीच्या आत आहे, याचा हा पहिला ठळक पुरावा होय. परंतु एका रोग्यावरून सिद्धांत होत नाही, आणि जिवंत माणसाच्या कवटीत तेथवर पोहोचण्याची सोय त्या काळी नव्हती. पुरावा कागदावर राहिला.

पुढे इंग्लंडात गॉवर्स यांनी आणि फ्रान्सात ब्रिसो यांनी या रोगाची लक्षणे नीट टिपली, आणि १९०५ साली पॅरिसच्या बाबिन्स्की यांनी त्याला चेहऱ्याच्या इतर विकारांपासून स्पष्टपणे वेगळे काढले. निदान झाले, पण उपाय काय? त्या काळचे उपाय ऐकले म्हणजे अंगावर काटा येतो. मज्जातंतूत मद्यार्क टोचून तो बधिर करावयाचा, किंवा तो अर्धामुर्धा कापावयाचा. आचके थांबत, पण त्यांच्या जागी चेहरा लुळा पडे. डोळा मिटेनासा होई, तोंडातून पाणी गळे. बरे, मज्जातंतू पुन्हा सांधला गेला की आचकेही परत येत. एक व्यंग देऊन दुसरे घेण्याचा हा व्यवहार पन्नास वर्षे चालला.

दिशा बदलली ती शेजारच्या एका रोगामुळे. चेहऱ्यावर विजेसारखी कळ मारणारा एक रोग आहे. त्यावर शस्त्रक्रिया करताना अमेरिकेतील बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी यांना पुष्कळ रोग्यांत दिसले की, संवेदनेच्या मज्जातंतूवर एखादी रक्तवाहिनी टेकलेली आहे. १९३४ साली त्यांनी ते लिहून ठेवले. १९४७ मध्ये कॅम्बेल आणि कीडी यांनी आचक्यांच्या दोन रोग्यांतही तसेच काही पाहिले. १९६२ साली क्लीव्हलंडच्या जेम्स गार्डनर यांनी पुढचे पाऊल टाकले. हा रोग म्हणजे मज्जातंतूचा नाश नव्हे, तो दाबाने आलेला बिघाड आहे, आणि दाब काढला की बिघाड उलटतो, असे त्यांनी प्रतिपादन केले. येथवर विचार पक्का झाला. परंतु हाताला अजून डोळा मिळावयाचा होता.

तो डोळा म्हणजे सूक्ष्मदर्शक. १९२१ साली स्टॉकहोममध्ये नीलेन यांनी कानाच्या शस्त्रक्रियेसाठी तो प्रथम वापरला. १९५३ साली झाइस कंपनीने शस्त्रक्रियेसाठी सोयीचे यंत्र बाजारात आणले, आणि १९५७ साली थिओडोर कर्झ यांनी ते मेंदूच्या शस्त्रक्रियेत आणले. त्याच लॉस एंजेलिस शहरात पीटर जॅनेटा हा तरुण डॉक्टर शिकत होता. १९६६ साली त्याने सूक्ष्मदर्शकाखाली चेहऱ्याचा मज्जातंतू मेंदूच्या देठातून बाहेर पडतो ती जागा पाहिली. तेथे टेकलेली वाहिनी त्याने हलकेच बाजूला केली, आणि मज्जातंतू न कापता रोग्याचे आचके थांबले. या कल्पनेवर कित्येक वर्षे ज्येष्ठांनी विश्वास ठेवला नाही. 'वाहिन्या निरोगी माणसातही टेकलेल्या असतात,' हा त्यांचा आक्षेप होता, आणि तो पोकळ नव्हता. जॅनेटा यांनी वाद घालण्यापेक्षा रोगी मोजले. १९७७ साली त्यांनी 47 रोग्यांचा, तर १९९५ साली त्यांच्या पिट्सबर्गच्या मंडळींनी सातशेहून अधिक रोग्यांचा हिशेब मांडला. दहा वर्षांनंतरही शंभरातील सुमारे ८४ जणांना उत्तम गुण टिकून होता. वाद तेथे बहुतांशी मिटला.

शस्त्रक्रिया होते ती अशी. कानामागे केसांच्या कडेला छेद घेतात. हाडात मोठ्या नाण्याएवढी खिडकी पाडतात. मेंदूभोवतीचे जाड आवरण उघडून आतील पाणी, ज्याला मेंदूजल म्हणावे, ते थोडे वाहू देतात, म्हणजे लहान मेंदू आपोआप सैल होऊन बाजूला सरकतो. मग मज्जातंतू आणि त्यावर ठोका देणारी रोहिणी यांच्यामध्ये टेफ्लॉनचा मऊ पिंजलेला बोळा ठेवतात. हे टेफ्लॉन म्हणजे आपल्या तव्याला लावतात तेच. शेवटी आवरण शिवून हाडाची खिडकी झाकतात. सारे काम काही मिलिमीटरांच्या जागेत चालते. शेजारीच ऐकण्याचा मज्जातंतू असल्यामुळे थोड्या रोग्यांत त्या कानाची श्रवणशक्ती कमी होण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी शस्त्रक्रिया चालू असताना कान व चेहरा यांचे विद्युत्संदेश मोजण्याची पद्धत पिट्सबर्गच्याच आगे म्यूलर यांनी रूढ केली.

याच्या जोडीला दुसरा, शस्त्राशिवायचा उपायही आला. सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲलन स्कॉट यांनी बोटुलिनम या विषाच्या अत्यल्प मात्रेचे इंजेक्शन पापण्यांच्या स्नायूंसाठी तयार केले, आणि १९८९ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्याने स्नायू सैल पडतो. गुण तीन-चार महिने टिकतो आणि मग पुन्हा टोचावे लागते. ज्याला शस्त्रक्रिया नको किंवा झेपणार नाही त्याला हा आधार आहे. मात्र मूळ दाब त्याने हटत नाही. चेहऱ्याच्या कसरतींनी वा मालिशीनेही तो हटत नाही, हे येथेच सांगून ठेवतो, कारण त्या नादात रोग्यांची वर्षे वाया जातात.

आपल्या देशात मेंदूच्या शस्त्रक्रियेची पद्धतशीर सुरुवात स्वातंत्र्याबरोबरच झाली. १९४९ साली वेल्लोरला जेकब चांडी यांनी आणि पाठोपाठ मद्रासला राममूर्ती यांनी तिचे विभाग उभारले. १९५१ साली भारतीय मज्जाशास्त्र परिषद स्थापन झाली, आणि त्याच दशकात मुंबईला डॉ. गिंडे व डॉ. होमी दस्तूर यांनी ही विद्या महाराष्ट्रात रुजविली. नागपूरचे वैद्यकीय महाविद्यालय १९४७ चे, आपल्या गोंदियाचे २०१६ चे. आजोबांच्या काळी गोरेगावच्या रोग्याला जे ऐकूनही ठाऊक नसते, ते आज नागपूरपर्यंतच्या प्रवासाच्या अंतरावर आले आहे. परंतु रोगी शस्त्रक्रिया करून गावी परततो, आणि खरा प्रश्न तेथून सुरू होतो. त्या प्रश्नाला स्वतंत्र इतिहास आहे.

शस्त्रक्रियेनंतर पडून राहावे की उठावे? सुश्रुताने सूत्रस्थानात 'व्रणितोपासनीय' नावाचा एक अध्यायच जखमी माणसाच्या राहणीसाठी लिहिला आहे. स्वच्छ, वाऱ्याच्या झोतापासून राखलेली खोली असावी, श्रम वर्ज्य करावे, उठताबसताना जखमेला जपावे, मित्रांनी गोड गोष्टी बोलून मन रमवावे, असा त्याचा रोख. व्यायामाविषयी मात्र आपल्या आयुर्वेदाने एक मोलाचे माप सांगितले आहे. तो अर्ध्या शक्तीने करावा. कपाळावर घाम आला, श्वास तोंडाने घ्यावासा वाटू लागला, की थांबावे. विश्रांती आणि व्यायाम हे दोन्ही औषधासारखे मात्रेने घ्यावयाचे, हा विचार येथे बीजरूपाने आहे.

युरोपात एकोणिसाव्या शतकात पारडे विश्रांतीकडे पूर्ण झुकले. १८६० ते १८६२ या काळात लंडनचे जॉन हिल्टन यांनी विश्रांतीच्या महतीवर जी व्याख्याने दिली ती डॉक्टरांच्या पिढ्यांनी प्रमाण मानली. पोटाची साधी शस्त्रक्रिया झाली तरी दोन-तीन आठवडे रोग्याने पाठ अंथरुणाला लावून पडावे, असा दंडक पडला. त्याविरुद्ध पहिला आवाज १८९९ साली शिकागोच्या एमिल रीस यांनी काढला. त्यांनी आपल्या रोग्यांना एक-दोन दिवसांतच उठविले आणि ते लवकर बरे झाले. कोणी ऐकले नाही. १९४०च्या सुमारास डेट्रॉइटचे लाइथाउझर पुन्हा तेच सांगू लागले, आणि या वेळी महायुद्ध त्यांच्या मदतीला आले. खाटा कमी, जखमी अधिक, आणि सैनिक लवकर परत हवा, अशी निकड निर्माण झाल्यावर जे तर्काने पटले नव्हते ते गरजेने पटले. १९४७ साली रिचर्ड ॲशर यांनी अंथरुणावर पडण्याचे धोके सांगणारा जो लेख लिहिला तो प्रसिद्धच आहे. पायातील रक्ताच्या गुठळ्या, फुप्फुसांतील कफ, झिजणारी हाडे, सुकणारे स्नायू आणि खचणारे मन, असा त्या धोक्यांचा पाढा आहे.

त्याच युद्धकाळात दुसरीही गोष्ट घडली. थॉमस डीलॉर्म हा तरुण लष्करी डॉक्टर. पोरवयात संधिवाताच्या तापाने तो दीर्घकाळ अंथरुणाला खिळला होता आणि पुढे वजने उचलून त्याने शरीर कमावले होते. १९४५ साली त्याने जखमी सैनिकांसाठी चढत्या वजनांचा व्यायाम मांडला. आज पेलेल त्याहून थोडे कमी, उद्या थोडे अधिक, आणि प्रत्येक पायरीची नोंद, अशी ती पद्धत. आखाड्यातील वस्तादाला हे नवे नव्हते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात, जे १९१४ साली स्थापन झाले आणि ज्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिनला आपले खेळ दाखविले, तेथील कोणताही वस्ताद नवख्याला पहिल्याच दिवशी मल्लखांबाच्या टोकावर चढवीत नाही. लोणावळ्याला १९२४ पासून स्वामी कुवलयानंद आसनांचा शरीरावरील परिणाम यंत्रांनी मोजूनच पाहात होते. नवी होती ती ही मोजणी रुग्णालयात आणण्याची गोष्ट. आपल्याकडेही पोलिओच्या साथींनंतर मुंबईला १९५३ साली के. ई. एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे विद्यालय आणि १९५५ साली हाजी अलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था निघाली, आणि शस्त्रक्रियेनंतरचा व्यायाम शिकविणारे शिक्षित हात तयार होऊ लागले.

आणि मग येते १९६६ साल. जॅनेटा लॉस एंजेलिसमध्ये सूक्ष्मदर्शकातून पाहात होते त्याच वर्षी टेक्सासच्या डॅलस शहरात बेंग्ट सॉल्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस वर्षांच्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले. रोग काही नाही, नुसते पडून राहावयाचे. तीन आठवड्यांनी मोजले तेव्हा त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल शक्ती चौथ्या हिश्शाहून अधिक घटली होती. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले, तेव्हा असे दिसले की, तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांचे जेवढे नुकसान केले नव्हते तेवढे त्या तीन आठवड्यांनी केले होते. एकाच वर्षी, एकमेकांना न कळत, दोन शोध लागले. एकाने चेहऱ्याचा मज्जातंतू सोडविला, दुसऱ्याने रोग्याला अंथरुणातून सोडविले.

परंतु, श्रोतेहो, येथेच घसरण्याची जागा आहे. 'पडून राहणे वाईट' हे ऐकले की माणूस 'मग लागलीच कामाला लागावे' असा अर्थ काढतो. आपल्या भागात दोन्ही टोके दिसतात. ज्याच्या घरी खावयास आहे तो 'डोक्याची शस्त्रक्रिया झाली' म्हणून तीन महिने खाट सोडत नाही आणि घरातली मंडळी त्याला हवा लागू देत नाहीत. ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते तो टाके निघाले की दुसऱ्या दिवशी बांधीत उतरतो. दोघेही चुकतात, कारण उठणे आणि उचलणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे दोघांनाही कोणी सांगितलेले नसते.

कारण समजून घ्या. मेंदूचे आवरण शिवलेले असते. शिवण धरावयास काही आठवडे लागतात. आत मेंदूजल भरलेले असते, आणि त्याचा दाब आपल्या हालचालीप्रमाणे बदलतो. आपण चालतो तेव्हा तो फारसा वाढत नाही. परंतु श्वास कोंडून वजन उचलले, कुंथलो, जोराने खोकलो, किंवा डोके कमरेच्या खाली घेऊन ओणवे राहिलो, की तो वाढतो आणि कच्च्या शिवणीवर पडतो. शिवण उसवली तर जखमेतून किंवा नाकातून पाण्यासारखा पातळ द्रव येऊ लागतो, आणि त्या वाटेने जंतू आत शिरले तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊन जिवावर बेतते. म्हणजे रोवणीचे ओणवे अंग, पोते उचलताना कोंडलेला श्वास, सूर्यनमस्कारात खाली जाणारे डोके आणि शीर्षासन हे सारे या दृष्टीने एकाच जातीचे. एरवी ती उत्तम कामे व उत्तम व्यायाम आहेत. पहिल्या काही आठवड्यांत मात्र ती वर्ज्य.

सर्वसाधारण क्रम असा असतो. शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांत रोग्याला बसवितात आणि आधाराने चालवितात. डोके दुखते, चक्कर येते, मळमळते. मेंदूजल वाहून गेलेले असते ते पुन्हा भरेपर्यंत असे होते. म्हणून उठताना आधी कुशीवर वळावे, मग बसावे, मग उभे राहावे. पहिले दोन आठवडे चालणे हाच व्यायाम. घरातून अंगणात, अंगणातून गल्लीच्या टोकापर्यंत, दिवसातून चार-पाच वेळा, थोडे थोडे. जखम पुरती भरेपर्यंत तलाव-बोडीत डुंबणे नाही. चार ते सहा आठवडे पाण्याची भरलेली बादली किंवा नातवंडही उचलू नये. चार-पाच किलोंच्या वरचे सारे दुसऱ्याने उचलावे. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये, आणि शिंक आली तर ती दाबू नये, तोंड उघडे ठेवून येऊ द्यावी. सहा आठवड्यांच्या सुमारास डॉक्टरांनी तपासून होकार दिला की भरभर चालणे, सायकल, हलकी कामे सुरू करावी, आणि वजन डीलॉर्मच्या रीतीने पायरीपायरीने वाढवावे. वजन उचलताना श्वास सोडावा, कोंडू नये. जोर, नमस्कार, उलटी आसने त्यानंतर, आणि ज्यात डोक्याला मार बसण्याचा संभव आहे अशी कबड्डी-कुस्ती सर्वांत शेवटी, बहुधा तीन महिन्यांपुढे. प्रत्येक शस्त्रवैद्याचे माप थोडे निराळे असते, आणि ज्याने शस्त्र चालविले त्याचाच शब्द शेवटचा.

आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. एक, शस्त्रक्रिया झाली म्हणजे त्याच दिवशी आचके थांबतातच असे नाही. काहींचे आठवडे, काहींचे महिने घेऊन थांबतात, आणि वर्ष उलटेपर्यंत शस्त्रक्रिया फसली असा निकाल देऊ नये. चालण्याने किंवा बेताच्या कामाने ते पुन्हा उद्भवतात ही भीतीही बाळगू नये. दोन, काही रोग्यांचा चेहरा घरी आल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, अचानक त्या बाजूने लुळा पडतो. बहुतेकांचा तो पुन्हा सुधारतो. डॉक्टरांना दाखवावे, डोळ्याला जपावे, अंगारे-धुपाऱ्यांत वेळ घालवू नये. तीन, नाकातून, घशातून किंवा जखमेतून पाणी झिरपले, ताप येऊन मान आखडली, तर व्यायामाचा आणि कामाचा विचार सोडून तडक रुग्णालय गाठावे.

वैद्यकाचा इतिहास येथे संपतो. समाजाचा अजून संपलेला नाही. १९४८ साली राज्य कामगार विम्याचा कायदा झाला आणि कारखान्यातील विमाधारक कामगाराला आजारपणात मजुरीचा काही भाग मिळण्याची सोय झाली. म्हणजे त्याच्या अंथरुणाच्या दिवसांना कायद्याने किंमत दिली. शेतमजुराच्या दिवसांना ती मिळाली नाही. शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी आज सरकारी आरोग्य योजना आहेत आणि त्यांचा उपयोग अनेक गरिबांना झाला आहे. परंतु शस्त्रक्रिया फुकट झाली आणि पुढचे सहा आठवडे उपाशी काढावे लागले, तर तो मजूर थांबणार नाही. रोवणीचा हंगाम काही त्याच्यासाठी थांबत नाही. वरील सारा उपदेश त्याच्या कानावरून जाईल, आणि त्यात दोष त्याचा असणार नाही. डॉक्टर लिहून देतो, 'सहा आठवडे वाकू नये.' त्या कागदाची किंमत ज्याच्या घरी सहा आठवड्यांचे धान आहे त्यालाच परवडते.

म्हणून आम्हास वाटते की, या विषयातील उरलेले काम डॉक्टरांचे नसून आपले आहे. आपल्या मुलखात तलावाची पाळ साऱ्या गावाने मिळून राखण्याची रीत जुनी आहे. पाळीला भगदाड पडले की ज्याची बांधी कोरडी पडणार तो एकटाच धावत नसे, सारे धावत. शिवलेले आवरण हीही एक कच्ची पाळच आहे. ती धरेपर्यंत शेजाऱ्याच्या बांधीतली चार तासे आपण रोवावी, त्याचे पोते आपण उचलावे, आणि त्याला संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत सोबत करावी. त्याने मात्र पडून राहू नये. त्याने रोज उठावे, चालावे, आणि आपली पाळी येईपर्यंत वजनाला हात लावू नये.

लवकर उठावे, सावकाश उचलावे. शुल्ट्झपासून सॉल्टिनपर्यंतच्या धडपडीतून आमच्या हाती लागलेले सार एवढेच आहे. आणि यापुढे कोणाचा डोळा लवत राहिला, तर डावा की उजवा हे विचारण्याआधी किती दिवसांपासून, एवढे आपण सर्वांनी विचारावे.